चितेनंतरची साक्ष : मराठी-तमिळ चित्रपटांतील गुन्हा आणि भय यांचे सीमाक्षेत्र

१. प्रस्थानबिंदू : एग्मोर

चेन्नईतील एग्मोर, म्हणजे तमिळ भाषकांचे एळुंबूर, हा भाग चित्रपटसृष्टीच्या इतिहासात स्टुडिओंसाठी ओळखला जात नाही. स्टुडिओ वसले ते कोडंबाक्कम आणि वडपळनीच्या परिसरात. एग्मोरला आहे ते दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी १९०८ साली उभारलेले स्थानक. त्याच्यासमोर मद्रास रेकॉर्ड ऑफिसची, म्हणजे आजच्या तमिळनाडू पुराभिलेखागाराची, १९०९ ची इमारत आहे. पँथिऑन रस्त्यावर पोलीस आयुक्तांची जुनी कचेरी आहे. तिचे २०२१ मध्ये पोलीस संग्रहालयात रूपांतर झाले. प्रवास, दप्तर आणि पोलीस या तीन गोष्टी एका पेठेत एकवटलेल्या असाव्यात, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

ऑगस्ट १९५२ च्या अखेरीस एग्मोरहून धनुष्कोडीकडे निघालेल्या इंडो-सिलोन एक्सप्रेसमध्ये, म्हणजे 'बोट मेल'मध्ये, एक बेवारस ट्रंक होती. दुर्गंधीमुळे तिचा संशय आला आणि मानामदुरै येथे ती उघडण्यात आली. आत शिर नसलेले प्रेत होते. पुढे रायपुरमच्या समुद्रकिनाऱ्यावर पुरलेले शिर सापडले, वैद्यकीय तपासणीने ओळख पटली, आणि आरोपी पती-पत्नी मुंबईत पकडले गेले. 'आळवंदार खून खटला' या नावाने मद्रासच्या लोकस्मृतीत राहिलेल्या या प्रकरणाचा निकाल १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात लागला. शिक्षा फाशीची झाली नाही. ती काही वर्षांच्या कैदेची होती.

या घटनेला भयकथा म्हणावे की गुन्हेकथा? शिराविना प्रेत ही भयकथेची सामग्री आहे. ट्रंक, रेल्वे, पोलीस आणि न्यायालय ही गुन्हेकथेची. घटना एकच, तिच्याकडे पाहण्याच्या रीती दोन. ज्याला पाश्चात्त्य समीक्षा 'फिल्म न्वार' म्हणते तो काळोखा गुन्हेपट आणि जुना भयपट या दोन प्रकारांत जे साम्य वारंवार दाखवले जाते, ते बहुधा छायाप्रकाशाच्या पातळीवरचे असते. भारतीय चित्रपटांत, विशेषतः मराठी आणि तमिळ चित्रपटांत, हे सीमाक्षेत्र त्याहून खोल आहे. या दोन प्रकारांना जोडणारा प्रश्न येथे ओळखीचा आहे : मेलेले माणूस खरोखर तेच होते का, आणि ते कोणाच्या साक्षीने ठरवायचे? प्रेताला अग्नी देणाऱ्या समाजात या प्रश्नाला जी धार येते, ती थडग्यांच्या समाजातील भयपटांना ठाऊक नाही. प्रस्तुत लेखात हे सूत्र 'अंद नाळ' (१९५४) आणि 'पाठलाग' (१९६४) या दोन चित्रपटांच्या आधारे मांडले आहे.

२. पाश्चात्त्य पूर्वपीठिका

'फिल्म न्वार' ही संज्ञा १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने फ्रान्समध्ये वापरली. युद्धकाळात तेथे न पोहोचलेले अमेरिकन चित्रपट एकदम पाहायला मिळाले, तेव्हा त्यांतील काळोख त्याला जाणवला. तो काळोख मात्र नवा नव्हता. रॉबर्ट वीनचा 'डॉ. कॅलिगारी' (१९२०) आणि एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' (१९२२) या जर्मन अभिव्यक्तिवादी भयपटांत वाकड्या सावल्या, अरुंद जिने आणि मनोरुग्ण सत्ताधारी आधीच अवतरले होते. फ्रिट्झ लांगच्या 'एम' (१९३१) मध्ये तीच दृश्यभाषा शहरातील खुन्याच्या शोधाला लावली गेली.

पुढील वाटचाल माणसांच्या स्थलांतरातून झाली. जर्मनीत घडलेला छायालेखक कार्ल फ्रॉइंड याने १९३१ मध्ये हॉलिवूडचा 'ड्रॅक्युला' चित्रित केला आणि १९३२ मध्ये 'द ममी' स्वतः दिग्दर्शित केला. एडगर उल्मरने 'द ब्लॅक कॅट' (१९३४) हा भयपट केला आणि 'डिटूर' (१९४५) हा न्वारपटही. रॉबर्ट सिओडमाक 'सन ऑफ ड्रॅक्युला' (१९४३) नंतर लगेच 'फँटम लेडी' (१९४४) कडे वळला. निर्माता व्हाल ल्यूटनच्या 'कॅट पीपल' (१९४२) चे दिग्दर्शक जाक तुर्नर आणि छायालेखक निकोलस मुसुराका हेच पुढे 'आउट ऑफ द पास्ट' (१९४७) या न्वारपटात एकत्र आले. तेच हात, तेच दिवे. एकदा श्वापद लपवण्यासाठी, एकदा भूतकाळ लपवण्यासाठी.

या साम्याच्या मुळाशी एक समान कल्पना आहे. गेलेले परत येते, ही ती कल्पना. भयपटात ते प्रेत, पिशाच्च किंवा शाप म्हणून येते. न्वारपटात जुना गुन्हा, जुनी प्रेयसी किंवा विसरलेले नाव म्हणून. पहिल्यात निवाडा मंत्राने वा खुंट्याने होतो, दुसऱ्यात बंदुकीने वा फाशीने. युरोप-अमेरिकेत ही दोन्ही दालने उद्योगाने वेगळी ठेवली, त्यांच्या जाहिराती आणि प्रेक्षकवर्गही वेगळे राहिले. भारतात तशी विभागणी झाली नव्हती, आणि म्हणूनच येथील मिश्रण अधिक मोकळे झाले.

३. सावलीचे आगमन : छापील पान ते पडदा

भारतीय भाषांत गुन्हा आणि भय यांची गाठ चित्रपटाआधीच छापील कादंबरीत पडली होती. जॉर्ज रेनॉल्ड्स हा इंग्रजी कादंबरीकार त्याच्या मायदेशी विस्मृतीत गेला, तरी भारतात दीर्घकाळ वाचला गेला. लंडनच्या गुन्हेगारी वस्त्या आणि लांडगा होणारा माणूस असे दोन्ही विषय त्याने हाताळले होते. मराठीत गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी आणि तमिळमध्ये आरणी कुप्पुसामी मुदलियार यांनी त्याच्या कथांची रूपांतरे केली. तळघर, भुयार, वेषांतर, मेलेला समजलेला वारस ही सामग्री अशा रीतीने दोन्ही भाषांच्या वाचकांना जवळपास एकाच काळात मिळाली. वडुवूर दुरैसामी अय्यंगार यांच्या रहस्यकादंबऱ्यांवरून तमिळमध्ये 'मेनका' (१९३५) आणि 'दिगंबर सामियार' (१९५०) हे चित्रपटही निघाले. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी हीच भूक पुढच्या पिढ्यांत जिवंत ठेवली.

पडद्यावरचा काळोख मात्र मुख्यतः दोन वाटांनी आला. पहिली वाट प्रभात फिल्म कंपनीची. 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीस गेले होते. त्यानंतरच्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये बळी देणाऱ्या पंथाचा राजगुरू, मशालींच्या उजेडातील मंदिर आणि पडदा व्यापणारा डोळा यांतून जर्मन दृश्यभाषेची ओळख स्पष्ट दिसते. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी उभा केलेला राजगुरू हा राक्षस नव्हे, कट रचणारा माणूस आहे. तरीही प्रेक्षकाला त्याची जी भीती वाटते ती अमानुषाची आहे. गुन्हा आणि भय यांचे एकजीव होणे येथेच सुरू झाले.

याच प्रभातने त्या सुमारास 'सीता कल्याणम्' (१९३४) हा तमिळ चित्रपट बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली तयार केला. त्यात एस. राजम् रामाच्या भूमिकेत होता आणि त्याचा धाकटा भाऊ, लहानगा एस. बालचंदर, रावणाच्या दरबारातील वादकांत दिसतो. हाच बालचंदर पुढे वीणावादक म्हणून कीर्ती पावला आणि 'अंद नाळ'चा दिग्दर्शक झाला. या एका प्रसंगावरून थेट प्रभाव सिद्ध करणे योग्य होणार नाही. परंतु मराठी आणि तमिळ चित्रपट आरंभी किती जवळून वाढले, याची ही बोलकी खूण आहे.

दुसरी वाट बॉम्बे टॉकीजची. १९३४ मध्ये मालाड येथे स्थापन झालेल्या या संस्थेत छायालेखक होते योझेफ विर्शिंग. १९२५ च्या 'प्रेम संन्यास'च्या वेळी ते प्रथम भारतात आले होते. युद्धकाळात जर्मन नागरिक म्हणून ते स्थानबद्ध झाले. त्यानंतर त्यांनी चित्रित केलेला कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) हा या सीमाक्षेत्राचा भारतीय आद्यनमुना मानता येईल. पूर्वार्धात पडका वाडा, नायकासारखाच दिसणारा माणूस असलेली तसबीर, झोपाळा आणि दुरून ऐकू येणारा लता मंगेशकरांचा आवाज. उत्तरार्धात पोलीस ठाणे, विष, खटला आणि फाशीची शिक्षा. पूर्वार्धातील भूत उत्तरार्धात साक्षीदार होते. ती कामिनीचा आत्मा नाही, माळ्याची मुलगी आशा आहे, हे न्यायालयात उघड होते. भुताची कथा येथे न्यायालयाच्या दप्तरात जाऊन संपते, आणि पुढील वीस वर्षांच्या भारतीय गूढपटांनी हाच आराखडा वारंवार वापरला.

४. 'अंद नाळ' : भूत नसलेली भयकथा

ए. व्ही. एम. निर्मित 'अंद नाळ' एप्रिल १९५४ मध्ये प्रदर्शित झाला. 'अंद नाळ' म्हणजे 'तो दिवस'. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानी विमानाने मद्रासवर बॉम्ब टाकले, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी कथा सुरू होते. रेडिओ अभियंता राजन (शिवाजी गणेशन) घरात गोळी लागून मरून पडलेला आहे. गुप्त पोलीस अधिकारी (जावर सीतारामन, जे संवादलेखकही होते) एकेकाला प्रश्न विचारतो. शेजारी, भाऊ, भावजय आणि नर्तकी यांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तोच खून प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने पडद्यावर घडतो. कुरोसावाच्या 'राशोमोन' (१९५०) चे ऋण येथे उघड आहे. एस. मारुती राव यांच्या छायालेखनाने राजनचे घर प्रत्येक साक्षीगणिक बदलते. चित्रपटात एकही गाणे नाही. तमिळ बोलपटाच्या इतिहासात हे प्रथमच घडले.

या चित्रपटाला तमिळ न्वारपटाचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्याची रचना भयकथेची आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा नायक मेलेला आहे, आणि नंतर तो पाच जणांच्या आठवणींतून पाच वेळा उठून चालू लागतो. 'महल'मध्ये गाणे जे काम करते, म्हणजे मेलेल्याला जिवंत भासवते, ते येथे साक्ष करते. गाण्यांचा अभाव हे केवळ धाडस नव्हते. गाणे आले असते तर प्रेक्षकाला श्वास घेण्याची जागा मिळाली असती. ती नाकारल्यामुळे मृताचे वारंवार परत येणे असह्य होत जाते.

शेवटी बोलते ती पत्नी उषा (पंडरीबाई). राजन शत्रूला माहिती पुरवणारा देशद्रोही होता, हे तिला समजले होते. तिने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला आणि बंदूक सुटली. प्रेक्षकाने ज्याच्यासाठी हळहळ बाळगली, तो प्रिय पती दुसराच कोणी निघतो. एकाच देहात दोन माणसे असण्याचे हे भय आहे. लांडगा होणाऱ्या माणसाच्या कथेतही हेच भय असते. बालचंदरने केसाळ पंजाऐवजी रेडिओ यंत्र दाखवले, एवढाच फरक.

पहिल्या प्रदर्शनात चित्रपटाला व्यावसायिक यश मिळाले नाही; राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. बालचंदरची पुढील वाटचाल या लेखाच्या प्रतिपादनाला पोषक आहे. 'बोम्मै' (१९६४) मध्ये बाहुलीत दडवलेला बॉम्ब आहे आणि 'नडु इरविल' (१९७०) मध्ये एकाकी वाड्यात जमलेले कुटुंबीय एकेक करून मारले जातात. गुन्हेपटाकडून भयपटाकडे जाताना त्याला वेगळी भाषा शिकावी लागली नाही. हिंदीत राज खोसला यांचेही तसेच झाले : 'सी. आय. डी.' (१९५६) करणाऱ्या दिग्दर्शकाने 'वह कौन थी?' (१९६४) आणि 'मेरा साया' (१९६६) हे चित्रपट केले. यांतील पहिला 'यार नी?' (१९६६) या नावाने तमिळमध्ये गेला. दुसरा मराठीतून आला होता.

५. 'पाठलाग' : चिता आणि तोतया

राजा परांजपे हे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' (दोन्ही १९५२) यांसारख्या हसऱ्या चित्रपटांचे दिग्दर्शक. त्यांनी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून केलेला 'पाठलाग' (१९६४) मराठी चित्रपटात एकटा उभा आहे. डॉ. काशीनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाचे कथासूत्र थोडक्यात असे : वकील असलेल्या नायकाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरते आणि त्याच्याच हातून तिला अग्नी मिळतो. काही काळाने हुबेहूब तशीच दिसणारी एक स्त्री गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडली जाते आणि 'मी तुमची पत्नी आहे' असे सांगते. घरातील खासगी गोष्टी तिला ठाऊक आहेत. भूत म्हणावे तर ती पिंजऱ्यात उभी आहे; पत्नी म्हणावे तर चितेची आठवण आड येते.

हे कथासूत्र पुढे दोन दिशांना गेले. उत्तरेकडे 'मेरा साया', आणि दक्षिणेकडे 'इदय कमलम्' (१९६५). एल. व्ही. प्रसाद यांची निर्मिती आणि श्रीकांत यांचे दिग्दर्शन असलेल्या या तमिळ चित्रपटात के. आर. विजया आणि रविचंद्रन होते. प्रसाद यांची सुरुवात मुंबईत 'आलम आरा'च्या (१९३१) काळात झाली होती. मराठी कथा हिंदीच्या आधी तमिळमध्ये पोहोचली, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. मद्रासच्या प्रेक्षकाला ही कथा परकी वाटली नाही, कारण मेलेल्या माणसाची ओळख पटवण्याचा प्रश्न एग्मोरच्या ट्रंकेपासून त्याच्या परिचयाचा होता.

येथे चितेचा मुद्दा निर्णायक ठरतो. पाश्चात्त्य भयपटाचा कणा थडगे हा आहे. शवपेटी उघडता येते, ती रिकामी सापडते, प्रेत ताजे असते किंवा जागेवरून हललेले असते. संशय आल्यास थडगे खणून पुरावा मिळतो. अग्निसंस्कारानंतर असा पुरावा उरत नाही. रक्षा कोणाची, हे रक्षेवरून कळत नाही. म्हणून ओळखीचा सारा भार जिवंतांच्या साक्षीवर पडतो : चेहरा, आवाज, दागिना, घरातली आठवण. भुताचे प्रयोजन न्यायालयाच्या उलटतपासणीत विरघळते, आणि उलटतपासणीला भुताची कळा येते. भय आणि गुन्हा यांची सरमिसळ ही येथे अनुकरणातून आलेली नाही, तर अंत्यसंस्काराच्या पद्धतीतूनच उद्भवते.

मराठी मनाला हा प्रश्न चित्रपटाच्या दोन शतके आधीच पडला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काशीराज पंडिताच्या वृत्तांतानुसार शिर नसलेले एक प्रेत अंगावरील खुणांवरून भाऊंचे म्हणून ओळखले गेले, शिर नंतर मिळाले, आणि अग्निसंस्कार झाला. तरीही पुण्यात पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया प्रकट झाला, त्याच्याभोवती सैन्य जमले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच विषयावर लिहिले. बंगालमधील भवाल संन्याशाचा खटलाही याच जातीचा : १९०९ मध्ये दार्जिलिंग येथे दहन झाल्याचे समजलेला राजकुमार १९२१ मध्ये संन्यासी म्हणून परतला आणि तोच खरा असल्याचा निर्णय १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कायम केला. पुण्यात परतलेला खोटा ठरला, बंगालमध्ये खरा. दोन्हीकडे निर्णय करणारे मांत्रिक नव्हते, न्यायासन होते. 'पाठलाग'च्या प्रेक्षकामागे ही सारी परंपरा उभी होती, त्याला ती नावानिशी आठवो वा न आठवो.

६. साक्ष कोणाची ग्राह्य?

वरील चित्रपट एकत्र ठेवले असता एक गोष्ट ठळक होते : प्रत्येकात निर्णायक साक्ष स्त्रीची आहे, आणि प्रत्येकात ती साक्ष संशयित आहे.

'महल'मधील पत्नी रंजना विष घेऊन पोलीस ठाण्यात जाते आणि पतीने विष दिल्याचे सांगून मरते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार मृत्यूच्या कारणाविषयीचे मृताचे कथन पुरावा म्हणून स्वीकारता येत असे. मरणारा माणूस खोटे बोलत नाही, ही त्यामागील जुनी समजूत. (त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली.) रंजना खोटे बोलते आणि तिचे ऐकले जाते. मेलेली स्त्री कबरीतून न उठता, कायद्याच्या कलमातून सूड घेते. भयपट आणि न्वारपट यांचे याहून नेमके मीलन क्वचितच आढळेल. 'अंद नाळ'ची उषा खरे बोलते, पण सर्वांच्या शेवटी. 'पाठलाग'ची नायिका पहिल्यापासून खरे बोलते आणि तिचे कोणी मानत नाही. तिच्या विरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा तिची स्वतःची चिता आहे.

हॉलिवूडच्या न्वारपटातील मोहिनी स्त्री नायकाला फसवते आणि अखेरीस शासन भोगते. या भारतीय चित्रपटांतील स्त्रीवर तिन्ही संशय एकाच वेळी घेतले जातात : ती भूत आहे, ती गुन्हेगार आहे, ती तोतया आहे. उलगडा मात्र ती पत्नी आहे असा होतो. वरवर पाहता हा दिलासा आहे. परंतु जुळ्या बहिणीच्या या कथासूत्रात पत्नी म्हणून जळून गेलेली स्त्री कोण होती, याकडे पाहिले की दिलासा ओसरतो. कुलवधूच्या नावाने अग्नी मिळतो तो वाट चुकलेल्या बहिणीला. तिच्यासाठी वेगळा शोक कोणी करत नाही, आणि तिच्या राखेवर घर पुन्हा उभे राहते. कायद्याने एकीला न्याय दिला, दुसरीची नोंदही ठेवली नाही. या चित्रपटांत शेवटी जे भय उरते ते भुताचे नव्हे, या विसरण्याचे आहे.

सुखान्त न्यायालयातच का व्हावा, याला बाह्य कारणही आहे. १९१८ च्या कायद्यानुसार १९२० मध्ये मद्रास, मुंबई, कलकत्ता आणि रंगून येथे चित्रपट परिनिरीक्षण मंडळे स्थापन झाली. मद्रासला त्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे होते. म्हणजे पडद्यावरील गुन्हा आणि शहरातील गुन्हा यांची देखरेख एग्मोरच्या एकाच कचेरीशी जोडलेली होती. १९४९ नंतर प्रौढांसाठीचे आणि सर्वांसाठीचे अशी प्रमाणपत्रे वेगळी झाली, १९५२ चा नवा कायदा आला. परंतु गुन्ह्याचे शासन पडद्यावर दिसले पाहिजे ही अपेक्षा टिकून राहिली. भुताला शिक्षा करता येत नाही. त्यामुळे भूत अखेरीस माणूस निघणे हे सुधारणावादी विवेकाला जसे रुचणारे होते, तसेच प्रमाणपत्राच्याही सोयीचे होते. कौटुंबिक प्रेक्षकाला रात्री घरी जाताना धीर मिळे, हा आणखी एक लाभ.

७. सीमाक्षेत्राचा अस्त

हे सीमाक्षेत्र कायम राहिले नाही. 'पुदिय परवै' (१९६४) आणि 'अदे कंगळ' (१९६७) या तमिळ चित्रपटांत रंग आला आणि सावलीचे राज्य आकुंचित झाले. १९७२ मध्ये रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' प्रदर्शित झाला आणि हिंदी भयपट स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहू लागला. शीर्षकापासूनच तेथे जमिनीखालचे प्रेत आहे. चितेच्या जागी थडगे येताच खटल्याची गरज संपली; प्रेत स्वतःच बाहेर येते आणि स्वतःच साक्ष देते. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये दुष्टाचे शिर आणि धड वेगवेगळ्या ठिकाणी बंदिस्त आहेत. तेथे ते ओळखण्याचा प्रश्नच नाही, केवळ पुन्हा जुळू न देण्याचा आहे. गुन्हेपटही याच काळात काळोखातून बाहेर पडून तस्कर आणि सूड यांच्या उघड्या रस्त्यावर आला. दोन्ही प्रकार वेगळे झाले आणि आपापल्या घरात सुखी झाले.

म्हणूनच १९४९ ते १९७० या सुमारे दोन दशकांतील या चित्रपटांकडे केवळ परदेशी शैलीच्या भारतीय आवृत्त्या म्हणून पाहणे अपुरे आहे. दिव्यांची मांडणी जर्मनीहून आली, कथनाची युक्ती कधी जपानहून तर कधी हॉलिवूडहून आली. परंतु ज्या प्रश्नाभोवती ती रचली गेली तो येथील होता : देह अग्नीच्या स्वाधीन केल्यावर माणसाची ओळख कोणाच्या शब्दावर उभी राहते? पानिपतानंतर पार्वतीबाईंच्या नकारात तो प्रश्न होता, एग्मोरहून निघालेल्या ट्रंकेच्या तपासात होता, आणि 'पाठलाग'च्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीच्या तोंडीही तोच होता. 'पाठलाग' एका वर्षात 'इदय कमलम्' होऊ शकला, याचे कारण मुंबई आणि मद्रास येथील व्यवसायाच्या संबंधांइतकेच या सामायिक प्रश्नात शोधावे लागते. मराठी आणि तमिळ चित्रपटांचा तौलनिक अभ्यास भक्तिपट आणि पौराणिकपट यांच्यापुरता न ठेवता या काळोख्या प्रदेशातही नेला, तर दोन्ही समाजांनी मृत्यू, कायदा आणि स्त्रीचा शब्द यांविषयी काय मानले, हे अधिक नेमकेपणाने उमजेल.